वहिनींची टेस्ट

ऑफिसात तिला सगळेच वहिनी म्हणायचे, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. याला कारण तिचा दीर. तो या कंपनीत लागला तेव्हा ती तिथे आधीपासूनच होती. पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून सवयीने "वहिनी, तो चार्जर दे ना" असं निघून गेलं. सगळी खोली हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला ते फारसं आवडलं नव्हतं, पण हसण्यावारी नेण्यापलीकडे इलाज नव्हता.

कंपनी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बनवायची. स्क्रीनवर काय दाखवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, चित्र प्रत्यक्ष उमटवतं ते कार्ड, आणि या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. सासूबाई शेजारणीला अभिमानाने सांगायच्या की आमचा धाकटा ड्रायव्हर लिहितो. शेजारणीची बरीच वर्षं अशी समजूत होती की तो गाडी चालवतो आणि फावल्या वेळात काहीतरी लिहितो.

धाकट्याकडे ड्रायव्हरमधला वीज वाचवणारा भाग होता. स्क्रीनवर काही हालचाल नसली की कार्डाला झोपवायचं आणि कुणी बोट लावलं की उठवायचं. लॅपटॉपची बॅटरी टिकते ती यामुळे. वाक्यात सोपं वाटतं, पण दुखणं सगळं त्यातच असतं. झोपलेलं कार्ड गडबड करत नाही, नीट जागं असलेलंही सहसा करत नाही. गडबड होते ती झोपता झोपता किंवा उठता उठता.

ती गडबड पकडण्यासाठी वहिनींनी एक टेस्ट लिहिली होती. लॅबमध्ये कपाटासारख्या रॅकवर लॅपटॉप उघडे मांडलेले असत, प्रत्येकासमोर बोटाएवढा कॅमेरा. टेस्ट कार्डाला झोपवायची, उठवायची, चित्र परत आलं का ते कॅमेऱ्यातून बघायची आणि पुन्हा झोपवायची. एक स्क्रीन जोडून, दोन जोडून, व्हिडिओ चालू असताना, झाकण मिटताना. तिच्या तावडीतून सुटलेला ड्रायव्हर डोळे मिटून बाहेर द्यावा, अशी तिची ख्याती होती. अडचण एकच. सकाळी लावली की निकाल हातात पडेपर्यंत लोक घरी जायला निघालेले असत. तेवढा वेळ मशीन अडकून पडायचं आणि मशीनं मोजकीच. म्हणून एखादा बदल, म्हणजे पॅच, ड्रायव्हरमध्ये घालताना ही टेस्ट कुणी चालवायचंच नाही. रिलीजच्या तोंडावर एकदा लावायची, देवाचं नाव घ्यायचं, झालं.

टाळणाऱ्यांत दीर सगळ्यात पुढे. "वहिनी, तुझी टेस्ट म्हणजे सरकारी कचेरी आहे," तो म्हणायचा. "गेलं की दिवस गेला."

"मग लिहा ना तुम्ही झटपट," वहिनी म्हणायच्या. "आणि मग ग्राहकांची बोलणीही तुम्हीच खा."

त्यांच्या मॅनेजरला माघारी 'कितीवेळ सर' म्हणत, कारण कुठल्याही कामावर त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. त्यांनी एक दिवस वहिनींना बोलावलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "ही टेस्ट एका चहाच्या वेळात संपली पाहिजे. तरच ती प्रत्येक पॅचला चालवता येईल. जमत नसेल तर काढून टाकू. कुणी चालवत नाही ती टेस्ट असून काय आणि नसून काय."

वहिनी जागेवर परत आल्या त्या तणतणतच. स्वतः वाढवलेल्या कामाला कुणी कात्री लाव म्हटलं की राग येतोच. दोन दिवस त्यांनी त्या कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र, सरांचं म्हणणं खोटं ठरवायचं तर आधी वेळ नेमका कुठे जातो ते बघायला हवं, असं म्हणून त्यांनी टेस्टच्या प्रत्येक पायरीला घड्याळ लावलं.

जे दिसलं त्याने त्या जरा ओशाळल्या. टेस्टचा बहुतेक वेळ काहीही न करण्यात जात होता. प्रत्येक फेरीनंतर टेस्ट नुसती थांबायची. तो थांबा त्यांनीच घातला होता, फार पूर्वी, तेव्हाच्या एका मठ्ठ मशीनसाठी. ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं, त्याची वाट बघणं मात्र चालूच होतं.

दुसरा थांबा ड्रायव्हरचाच होता. कार्ड रिकामं झालं तरी ड्रायव्हर त्याला लगेच झोपवत नाही. माणूस वाचता वाचता क्षणभर थांबतो, पुन्हा माउस हलवतो, म्हणून तो थोडा अवधी देतो. टेस्टला त्या अवधीची काहीच गरज नव्हती आणि तो जवळजवळ शून्यावर आणायची सोय ड्रायव्हरमध्ये होती. वहिनींनी ती वापरली. आंधळेपणाने थांबायच्या जागी 'कार्ड झोपलं का' असं विचारत राहायची पद्धत आणली. एक स्क्रीन आणि व्हिडिओ, दोन स्क्रीन आणि मिटलेलं झाकण, अशा ज्या जोड्यांनी आजवर कधीही काही पकडलं नव्हतं त्या बाजूला काढल्या. टेस्ट खरोखरच चहाच्या वेळात बसली. कितीवेळ सरांनी पहिल्यांदाच वेळ न विचारता मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून टेस्ट प्रत्येक पॅचला चालू लागली आणि पहिल्याच आठवड्यात दिराचा कोड नापास झाला. कार्ड झोपायला निघालेलं असताना मधेच उठवलं तर कधीकधी स्क्रीन काळीच राहायची. दर वेळी नाही, पण पुष्कळदा.

दिराचा चेहरा पडला. त्यातच लवकरच येणाऱ्या नव्या कार्डाचं काम त्याच्याकडे द्यायचं सरांच्या मनात होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीटिंगमध्ये तो जरा चढ्या आवाजात बोलला.

"अवधी शून्यावर आणल्यावर काहीही होईल. खऱ्या आयुष्यात कोण असं वापरतं? माणसाला झोप लागते न लागते तोच शंभरदा हलवून उठवलं तर तोही उठून भिंतीवर आपटेल. माझ्या कोडमध्ये चूक नाही. घाईघाईने कापलेली टेस्ट आहे, ती खोटं बोलतेय."

"अवधीने चूक होत नाही," वहिनी म्हणाल्या. "अवधीने चूक झाकली जाते."

"मग जुन्या टेस्टमध्ये का नाही दिसली?"

हे वहिनींनाही बघायचं होतं. म्हणून शनिवार-रविवार त्यांनी जुनी, लांबलचक टेस्ट लावून ठेवली. सोमवारी सकाळी निकाल बघितला. सगळीकडे पास. सरांनी निर्णय दिला की तूर्त छोटी टेस्ट चालू राहील, पण ती नापास झाली म्हणून कुणाचा पॅच अडणार नाही.

घरी त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर भांड्यांचाच आवाज जास्त होता. थोरल्याचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, चष्म्याचं दुकान होतं. बायको आणि भाऊ यांच्यामधल्या खुर्चीत बसून तो दोघांना आलटून पालटून पोळी वाढत होता.

"ऑफिस घरात आणायचं नाही असं ठरलंय ना आपलं?" तो म्हणाला.

"कुणी आणलंय?" दोघं एकदमच म्हणाले.

"झोपलं का ते तुमचं कार्ड एकदाचं?" सासूबाईंनी विचारलं. "नसेल तर राहू दे की जागं. बिलच थोडं जास्त येईल." यावर थोरला एकटाच हसला.

दिराला ती गोष्ट चैन पडू देईना. टेस्ट खोटी आहे हे त्याला नुसतं बोलायचं नव्हतं, सगळ्यांना लिहून दाखवायचं होतं. एका दुपारी तो हेडफोन लावून बसला आणि झोपवण्या-उठवण्याचा सगळा कोड ओळीमागून ओळ कागदावर उतरवू लागला. आधी हे होतं, मग ते होतं, म्हणून काळी स्क्रीन होऊच शकत नाही, अशी ती मांडणी होती. अर्ध्यावर येऊन त्याचा हात थांबला. कार्ड झोपतंय याची नोंद त्याचा कोड कार्ड खरंच झोपल्यानंतर करत होता. मधल्या त्या निमिषात कुणी उठवायला आलं, तर नोंद पाहून 'हे तर जागंच आहे' असं समजून परत जाणार. आणि स्क्रीन काळी राहणार. अवधी कितीही असला तरी ती फट होतीच. मोठ्या अवधीत तिच्यात कुणाचा पाय अडकायची शक्यता कमी, एवढंच.

त्याने कागद घडी करून खिशात घातला. चूक दोन ओळींची होती. त्या खालच्या वर केल्या की संपलं. त्याने त्या वर केल्या. त्या पॅचमध्ये आणखी काही फुटकळ गोष्टी घातल्या, कुठे मोकळ्या ओळी काढल्या, कुठे नावं बदलली, आणि वर मथळा दिला, 'किरकोळ साफसफाई'. रिलीज होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. पॅच आत गेला. बाकीच्यांचेही बरेच पॅच त्या दिवसांत आत गेले.

आणि वहिनींची टेस्ट पास होऊ लागली.

त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला उलटा परिणाम. काही न करता जे बरं होतं ते मुळात दुखणं होतं की भास? आपण कापताना काही वेडंवाकडं केलं आणि तेच आता कशाने तरी सरळ झालं, असं त्यांना वाटायला लागलं. तीन दिवस त्या स्वतःचाच कोड उलटापालटा करत बसल्या. समोरच्या टेबलावर दीर बसलेला असायचा. तो मधेमधे कॉफी आणून द्यायचा, जे एरवी कधी करत नसे.

"असं आपोआप नापास आणि आपोआप पास होणारी टेस्ट ठेवण्यात अर्थ नाही," कितीवेळ सर मीटिंगमध्ये म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला पण तसंच वाटायला लागलंय," वहिनी म्हणाल्या. "मीच मागे घेते. फक्त आजचा दिवस द्या."

 दीर खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत राहिला.

तो दिवस वहिनींनी मागितला तो कुणाचा संशय आला म्हणून नव्हे. टेस्ट काढताना का काढली ते लिहावं लागतं आणि 'कळलं नाही' असं लिहायची त्यांना लाज वाटत होती. टेस्ट नापास होत होती तेव्हाचा ड्रायव्हर त्यांच्याकडे होता आणि पास होत होती तेव्हाचाही. मधले पॅच त्यांनी ओळीने घेतले, बरोबर मध्यावरचा ड्रायव्हर बनवला आणि टेस्ट लावली. नापास. म्हणजे पुढच्या अर्ध्यात काहीतरी आहे. त्याचा पुन्हा मध्य. पास. असं करत करत फास आवळत आणायचा. जुनी टेस्ट असती तर या कामाला आठवडे गेले असते आणि कुणी मशीन दिलं नसतं. आता त्यांनी लॅबच्या स्टुलावर बसून, चहा थंड होऊ देत, दुपारच्या दुपारी ते उरकलं. शेवटी एकच पॅच उरला.

'किरकोळ साफसफाई'.

त्यांनी तो उघडला. मोकळ्या ओळी, बदललेली नावं, आणि मधेच खालून वर आलेल्या दोन ओळी. त्या त्यांनी दोनदा वाचल्या. समजायला एकदा पुरेसं होतं.

संध्याकाळी दोघं नेहमीसारखी पार्किंगमध्ये आली. जाणं-येणं दिराच्या गाडीतूनच असायचं. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली, पण बेल्ट लावला नाही. गाडी टिंग टिंग वाजायला लागली.

"वहिनी, बेल्ट."

"भाऊजी, किरकोळ साफसफाई म्हणजे काय असतं?"

त्याने किल्लीवरचा हात काढला नाही. "म्हणजे?"

"तुमच्या पॅचचं नाव आहे. तो घातला की माझी टेस्ट पास होते, काढला की नापास. चार वेळा करून बघितलं."

टिंग टिंग चालूच होतं. शेजारच्या गाडीतला माणूस बघून गेला.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"रिलीज झालं की."

"आणि तोवर टेस्ट काढून टाकली असती त्याचं काय?"

"परत घालता आली असती."

"कोण घालणार होतं? मी? मी तर स्वतःलाच मूर्ख ठरवून बसले होते. तीन दिवस मी माझी चूक शोधतेय आणि तू समोर बसून बघत होतास. वर कॉफी आणून देत होतास!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं. त्याने गाडी बंद केली. टिंग टिंग थांबलं.

"सगळ्यांसमोर टेस्ट खोटी म्हणालो होतो ना," तो म्हणाला. "आणि ते नव्या कार्डाचं... मला वाटलं, दुरुस्त केलंय, नुकसान तर कुणाचंच होत नाही."

"माझं झालं."

"हो."

"मी सरांकडे जाणार नाही. चुगली करायला ही काही शाळा नाही. तुम्ही जाऊन सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तुम्ही सांगितलं नाहीत हे मला माहीत असेल. बाकी काही नाही." एवढं बोलून वहिनींनी बेल्ट लावला. त्याने गाडी काढली. घरी जिन्यात भाजीची पिशवी घेतलेल्या सासूबाई भेटल्या, मागे थोरला होता. त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि पिशवी थोरल्याच्या हातात दिली.

सकाळच्या मीटिंगमध्ये दीर उभा राहिला. एरवी कुणी उभं राहत नसे, त्यामुळे सगळ्यांनी मान वर केली. त्याने सांगितलं की चूक त्याच्या कोडमध्येच होती, छोट्या टेस्टने ती बरोबर पकडली होती, त्याला ती सापडली तेव्हा त्याने ती न सांगता दुरुस्त केली, आणि टेस्ट काढू नये. सांगताना त्याचे कान लाल झाले होते, पण एकही गोष्ट त्याने गाळली नाही. तो बसल्यावर जो तो आपल्या स्क्रीनमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागला.

कितीवेळ सर पेनाचं टोपण उघडझाप करत होते. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"कशाला, सर?"

"त्या पॅचचं नाव आणि वर्णन नीट लिहायला."

"आत्ता लिहितो."

"लिहा. आणि यापुढे साफसफाई करायची तर निव्वळ साफसफाईच करा."

एवढ्यावर ते मिटलं. छोटी टेस्ट राहिली आणि आता ती नापास झाली की पॅच अडायचा. जुनी, लांब टेस्टही टिकली. मशीन तासन् तास तापल्यावरच दिसणाऱ्या काही चुका असतात, त्यांच्यासाठी ती शनिवार-रविवारच्या सुट्टीत लावावी, असं दिरानेच सुचवलं. ते म्हणणं बरोबर होतं आणि वहिनींनी ते लगेच मान्य केलं.

नव्या कार्डाचं काम शेवटी दिरालाच मिळालं. सर म्हणाले, तो भाग दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि ते खरंच होतं. वहिनींना कौतुकाचा ईमेल आला. तो बऱ्याच जणांना एकत्र पाठवलेला होता. त्या दिवशी त्यांनी डबा लॅबमध्ये बसून खाल्ला. राग दिराचा आला होता की सरांचा, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. काम करणाऱ्याला काम मिळालं, यात तक्रार कुठे आणि कशी मांडायची ते त्यांना कळत नव्हतं.

गाडीतून जाणं मात्र त्यांनी बंद केलं. त्या बसने जाऊ लागल्या.

"गाडी बिघडली का त्याची?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो. बसमध्ये मला वाचायला मिळतं."

हे निमित्त म्हणून सांगितलं होतं, पण थोड्याच दिवसांत खरं झालं. खिडकीजवळची जागा हमखास मिळायची. थोरल्याने एकदा विचारलं, किती दिवस हे चालणार. त्या म्हणाल्या, पुस्तक संपेपर्यंत. पुस्तकं एकामागून एक येत राहिली. दिराने सुरुवातीला दोनदा "चल की वहिनी" म्हणून बघितलं, मग तोही विचारायचा थांबला. घरात सगळं पूर्ववत होतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघांनी रजा वाटून घेतल्या आणि त्यात कुठे कुरबुर झाली नाही.

नवं कार्ड आलं. त्याच्यासाठी लिहिलेला पहिलाच मोठा पॅच टेस्टने अडवला. दीर लॅपटॉप उघडा धरून वहिनींच्या टेबलाशी आला आणि उभा राहिला.

"या वेळी टेस्ट चुकतेय," तो म्हणाला. "पण आधी तू बघ. मग मी बोलतो."

वहिनींनी खुर्ची सरकवून त्याला जागा दिली. बघायला बराच वेळ लागला. नव्या कार्डाच्या स्क्रीनवर चित्र आधी फिकट उमटायचं आणि मग भरायचं. टेस्टचा कॅमेरा ते फिकट असतानाच बघून निकाल देत होता. टेस्ट कापताना कॅमेऱ्याने बघण्याआधीचा थांबा वहिनींनी फारच कमी करून ठेवला होता.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या.

"अगदी थोडी आहे."

"थोडी की जास्त ते राहू द्या, भाऊजी. चूक आहे."

दुरुस्ती त्यांनी त्याच दुपारी केली. चूक कुणी दाखवली ते खाली लिहायची पद्धत होती. तिथे त्यांनी दिराचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. आडनाव दोघांचं एकच असल्याने, नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं की वहिनी, चूक दाखवणारे हे तुमचे मिस्टर का?

"नाही," वहिनी म्हणाल्या, "हे आमचे धाकटे," आणि समोरच्या टेबलाकडे बोट दाखवून पुढच्या पॅचचा निकाल उघडला.